गोळी तिसऱ्या महिन्यात नको, लग्नातच हवी

नरसी नामदेव येथील माझ्या दवाखान्यात नव्या सुनेला घेऊन सासूबाई येतात, तेव्हा बहुधा तिसरा महिना सरत आलेला असतो. "तीन महिने कुणाला सांगू नये, दृष्ट लागते," असे त्यांचे म्हणणे. मी फॉलिक ॲसिडची गोळी लिहून देतो. रक्तवाढीसाठी ती तेव्हाही उपयोगी पडते. पण तिचे सर्वांत मोठे काम करण्याची वेळ टळून गेलेली असते.

फॉलिक ॲसिड हा 'ब' जीवनसत्त्वाचाच एक प्रकार. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून तयार होतात, ती गर्भ राहिल्यापासून सुमारे २८ दिवसांत मिटते. पाळी चुकल्याचे मुलीच्या जेमतेम ध्यानात येते, तोवर! ती मिटली नाही तर मूल पाठीवर गाठ घेऊन जन्मते, पुष्कळदा पाय लुळे राहतात. असे एक बाळ मी हातात घेतले आहे. "गिराणात भाजी चिरली म्हणून झालं का, डॉक्टर?" असे त्याच्या आईने मला विचारले होते.

ज्यांना पूर्वी असे मूल झाले होते, अशा मातांना गर्भापूर्वीपासून ही गोळी दिल्यावर धोका सुमारे ७२ टक्क्यांनी घटला, हे १९९१ साली ब्रिटनमधील संशोधकांनी प्रसिद्ध केले. आणि या औषधाचे मूळ मात्र आपल्या मुंबईत आहे. डॉ. ल्युसी विल्स ही इंग्रज बाई १९२८ मध्ये तेथे आली, गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांचा रक्तक्षय तिने अभ्यासला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे १९३१ साली मांडले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजेच फॉलिक ॲसिड. आपल्याच बायाबापड्यांमुळे लागलेला शोध आपल्याच सुनांपर्यंत उशिरा पोहोचावा, याचा मला राग येतो.

"मेथी-पालक खाते की ती!" असेही ऐकवतात. जरूर खावी, पण भाजी उकडून पाणी फेकले की त्यातले बरेच फॉलिक ॲसिडही गेले. शिवाय नव्या सुनेच्या ताटात शेवटी काय उरते, हे मी सांगायला नको.

माझे मत स्पष्ट आहे. मूल होऊ देण्याचा विचार असेल, तर निदान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करावी. फिटची औषधे चालू असतील किंवा पहिले मूल असे झाले असेल, तर मात्रा डॉक्टरांनाच ठरवू द्यावी. तुळशीचे लग्न झाले की बस्ता बांधायची घाई सुरू होते. त्या घाईत एक दिवस मुलीला दवाखान्यात आणा. जावई सोबत आला तरी चालेल.