‘आक्रमक’ मासा कोण?

परभाषेतील शास्त्रीय ग्रंथ मराठीत आणताना अवघड शब्दांचा फारसा त्रास होत नाही. अवघड शब्द आला की अनुवादक सावध होतो, कोश उघडतो, जाणकारास विचारतो. फसवितो तो सोपा शब्द. खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीवरील कोणतेही इंग्रजी पुस्तक घ्या. त्यात ‘अ‍ॅग्रेसिव्ह’ हा शब्द पानोपानी भेटतो आणि त्याच्या जागी ‘आक्रमक’ हा शब्द ठेवून आपण निःशंकपणे पुढे जातो. निदान या विषयापुरता तरी हा शब्द आपण टाकून द्यावा, असे माझे मत आहे. हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. या एका शब्दाखाली तीन निराळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या गेल्या आहेत. तिघींचे उपाय निराळे आहेत, आणि चुकीचा उपाय केला म्हणजे पेटीतला मासा मरतो.

आक्रमण म्हणजे दुसऱ्याच्या हद्दीत शिरणे. आता प्रवाळखडकांवर राहणारा डॅमसेल नावाचा लहानसा मासा पाहा. मत्स्यपेटीच्या पुस्तकांत आक्रमक म्हणून याचे नाव हटकून येते. याच्या कुळातील काही जाती खडकावरच्या एका तुकड्यात शेवाळाची चक्क बाग राखतात. जपानमधील ओकिनावाच्या समुद्रात हाता व काटो या संशोधकांना असे आढळले की, तेथील एक जात आपल्या तुकड्यात जवळजवळ एकाच प्रकारचे शेवाळ वाढू देते. नको असलेले शेवाळ ती तोंडाने उपटून हद्दीबाहेर नेऊन टाकते, म्हणजे शब्दशः निंदणी करते. मासा नसला की ती बाग टिकत नाही. जोंधळ्याच्या शेतात माळ्यावर उभे राहून गोफण फिरविणाऱ्या माणसास आपण आक्रमक म्हणत नाही, राखणदार म्हणतो. डॅमसेल हा राखणदार आहे. पेटीत नवा मासा सोडला की आक्रमण घडते खरे. पण ते करणारा नवा मासा असतो, किंवा खरे सांगावयाचे तर त्यास सोडणारा मालक.

या विषयाचा विचार करणाऱ्यांत कोनराड लोरेन्झ यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. 1973 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. 1963 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा आरंभच प्रवाळमाशांच्या निरीक्षणाने होतो. (त्या ग्रंथाच्या जर्मन नावाचा अर्थ ‘ज्याला वाईट म्हणतात ते’ असा आहे. 1966 च्या इंग्रजी अनुवादात त्याचे ‘ऑन अ‍ॅग्रेशन’ झाले आणि ‘म्हणतात’ या क्रियापदातली सगळी शंका नाहीशी झाली. अनुवादकाच्या हातून केवढे काम होते पाहा!) लोरेन्झ यांचे म्हणणे असे की, हे भडक रंगाचे मासे मुख्यत्वे आपल्याच जातीच्या माशावर तुटून पडतात, रंग हा त्यांचा ध्वज होय. हे मत पुढे पुष्कळ दुरुस्त करावे लागले. मायरबर्ग व थ्रेशर यांनी पश्चिम अटलांटिकमधील एका डॅमसेलच्या हद्दीकडे बाटलीत बंद केलेले निरनिराळे मासे हळूहळू सरकवीत नेले आणि तो कोणावर किती अंतरावरून धावून जातो हे मोजले. त्यांचा निबंध 1974 साली प्रसिद्ध झाला. स्वजातीयावर तो सर्वांत दूरवरून धावला, पण परजातीयांनाही त्याने सोडले नाही. मात्र प्रत्येकासाठी अंतर निराळे होते. याचा अर्थ त्याचा राग आंधळा नाही. कोणाला कोठवर येऊ द्यावयाचे, याचा त्याच्यापाशी हिशेब आहे.

समुद्रात हा हिशेब बहुधा रक्ताशिवाय मिटतो. राखणदार धावतो, पाहुणा चार हात मागे सरतो, संपले. काचेच्या पेटीत मागे सरावयास जागाच नाही. 120 सेंटिमीटर लांब, 50 रुंद आणि 50 उंच अशी पेटी घेतली तर तीत 300 लिटर पाणी मावते, आणि हौशी माणसास ती भलीमोठी वाटते. पण तिच्या तळाचे क्षेत्रफळ अवघे 0.6 चौरस मीटर आहे; एका डॅमसेलने ते सारे आपले मानले तर नवल नाही. पळणारा मासा काचेपर्यंत जाऊन पुन्हा त्याच हद्दीत परततो. राखणदाराच्या दृष्टीने तो न हटणारा शत्रू ठरतो आणि पाठलाग थांबत नाही. हरलेला मासा कोपऱ्यात पृष्ठभागापाशी लटकून राहतो, अन्न घेत नाही, त्याचे पर फाटतात, आणि रोगास निमित्त मिळते.

त्यात हौशी लोकांची एक जुनी चाल आगीत तेल ओतते. नव्या पेटीत अमोनियाचे रूपांतर नायट्राइटमध्ये व पुढे नायट्रेटमध्ये करणारे जीवाणू रुजण्यास काही आठवडे लागतात. तेवढ्या काळात विषारी पाण्यात तग धरील असा स्वस्त व चिवट मासा म्हणून डॅमसेल प्रथम सोडण्याचा सल्ला वर्षानुवर्षे दिला गेला. म्हणजे ज्याला हद्दीचा सर्वांत अधिक अभिमान, त्यालाच आपण रिकाम्या गावाची पाटीलकी द्यावयाची, आणि मग तो उपऱ्यांना हुसकतो म्हणून त्याला दुष्ट ठरवावयाचे! मासा न घालताही थोडा अमोनिया देऊन हे जीवाणू रुजविता येतात. राखणदार सर्वांच्या शेवटी सोडावा. तो आधीच असेल तर नवा मासा सोडताना खडकांची मांडणी बदलावी, म्हणजे जुन्या खुणा पुसल्या जातात. अथवा नवागतास काही दिवस भोकांच्या पारदर्शक पेटीत ठेवावे.

हेच उपाय सिंहमाशास लावून पाहा. एकाचाही उपयोग होणार नाही. कारण सिंहमासा कोणाशी भांडतच नाही. आपल्या हेकरूप्रमाणे तोही शिकारी आहे. जे तोंडात मावते ते तो गिळतो. जे मावत नाही त्याच्या शेजारी तो शांतपणे तरंगत राहतो. येथे खडक हलवून काय होणार? येथे पाहावयाचे ते एकच, तोंडाचे माप. तरीही कित्येक तक्त्यांत सिंहमासा आणि डॅमसेल एकाच ‘आक्रमक’ रकान्यात बसविलेले आढळतात.

तिसरी गोष्ट विदूषक माशाची. एका समुद्रफुलात राहणाऱ्या टोळीत सर्वांत मोठी मादी, तिच्याहून लहान नर, आणि त्याच्याहून लहान होत जाणारे इतर, अशी उतरंड असते. मादी मेली की नर मादी बनतो आणि खालच्यांना एकेक पायरी बढती मिळते. पीटर बस्टन यांनी 2003 साली दाखवून दिले की, खालचा मासा आपली वाढ आवरून धरतो, जेणेकरून तो वरच्याच्या बरोबरीस येत नाही. बरोबरीस आला तर हुसकला जाण्याची भीती. हे भांडण भूमीचे नव्हे, भक्ष्याचे नव्हे, पंगतीतील मानाचे आहे. म्हणून दोन सारखे प्रौढ विदूषक आणण्यापेक्षा एक मोठा व एक लहान आणणे शहाणपणाचे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विदूषक माशांची पैदास आपल्या देशात यशस्वी केली आहे. तेव्हा त्यांच्यासाठी प्रवाळखडक लुटण्याचे कारणही उरलेले नाही.

रूढ शब्द बदलू नये, असे यावर कोणी म्हणेल. पण मराठीत हा विषय अजून रूढ व्हावयाचाच आहे. पाटी कोरी आहे तोवरच राखणदार, शिकारी आणि मानकरी असे शब्द तीवर लिहिता येतील. काही ट्रिगर मासे कोणत्याच नावात बसत नाहीत, हे मला मान्य आहे. ते शेजाऱ्याला चावतात, खडक उलथवितात, कधी पाळणाऱ्याचे बोटही सोडत नाहीत. त्यांना हवे ते नाव द्या, पण एकटे ठेवा.

आणि नकोसा झालेला मासा समुद्रात सोडू नका. हिंदी व प्रशांत महासागरांचा रहिवासी सिंहमासा 1985 साली फ्लोरिडाच्या किनाऱ्यापाशी प्रथम आढळला. तो मत्स्यपेट्यांतून तेथे पोहोचला असे मानले जाते. पुढे तो साऱ्या कॅरिबियन समुद्रात पसरला, आणि तेथील लहान मासे आजही त्याच्या तोंडी पडत आहेत.