बारभाईंची बदनामी

सामूहिक नेतृत्व म्हणजे संस्थेतला निर्णय घेणे, तो अमलात आणणे आणि त्याचा हिशेब देणे ही तिन्ही कामे एकाहून अधिक माणसांनी, ठरलेल्या वाटणीने करणे. वाचनालय, बचत गट, उत्सव मंडळ, अनाथाश्रम चालवणारा न्यास, पाणीवापर संस्था अशा सगळ्यांना ते लागते, आणि ते शिकून येते. यातला पहिला भाग उघडपणे कोणी नाकारत नाही. थट्टा होते ती दुसऱ्या भागाची.

आक्षेपकाचे म्हणणे थोडक्यात असे. संस्था माणूस चालवतो, समिती नव्हे. जी संस्था नावारूपाला आली तिच्यामागे एक झपाटलेला माणूस होता. तो गेला की पाटी तेवढी उरते. नेतृत्व अंगात असावे लागते, तीन दिवसांच्या निवासी शिबिरात ते पोह्यांबरोबर वाढता येत नाही. अनेकांच्या कारभारात जबाबदारी कोणाचीच राहत नाही, निर्णय लांबतात, देणगीदार बिचकतो. आणि शेवटी हुकमाचा एक्का: बारभाईची शेती, काय लागेल हाती! एवढे म्हटले की सभेत हशा पिकतो, आणि हशा पिकला म्हणजे मुद्दा सिद्ध झाला असे मानण्याची मराठी सभांमध्ये जुनी रीत आहे.

म्हणून आधी या एक्क्याचाच समाचार घेतलेला बरा. ‘बारभाईचा कारभार’ हा त्या म्हणीच्याच घरातला शब्दप्रयोग. गोंधळ, ओढाताण, कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नसणे या अर्थाने तो वापरला जातो. वापरणाऱ्यांपैकी किती जणांनी मूळ बारभाईंनी काय केले हे तपासले आहे, याविषयी शंका घ्यायला जागा आहे.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्यांचे काका राघोबादादा गादीवर आले. आक्षेपकाचा सिद्धान्त प्रमाण मानला तर कारभाऱ्यांपुढे एकच शहाणपणाचा मार्ग होता. अनुभवी, पराक्रमी, उत्तरेच्या मोहिमा गाजवलेला एक पुरुष समोर होता; त्याच्या मागे उभे राहायचे आणि गप्प बसायचे. नेतृत्व अंगातच असावे लागते असे म्हटले तर राघोबांच्या अंगात ते नको तितके होते. कारभाऱ्यांनी नेमके उलटे केले. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे, मोरोबा फडणीस अशी एरवी एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहणारी मंडळी एकत्र आली; हेच ते बारभाई. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. त्यांना जानेवारी १७७४ मध्ये पुरंदरावर नेऊन ठेवले. १८ एप्रिलला तिथे सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या मुलाच्या नावे पेशवाईची वस्त्रे आली. राज्याचा प्रमुख पाळण्यात आणि कारभार मंडळाकडे, अशी ती स्थिती. अध्यक्ष परगावी गेले म्हणून मासिक सभा पुढे ढकलणाऱ्या संस्थांनी या स्थितीची थोडी कल्पना करून पाहावी.

या मंडळींनी कामे वाटून घेतली होती. फौजेचे काम हरिपंतांकडे, दफ्तर आणि हिशेब नानांकडे, वडीलकी आणि वाटाघाटी बापूंकडे. त्रिंबकराव पेठे मार्च १७७४ मध्येच पंढरपूरजवळच्या लढाईत पडले. मोहिमेचा सेनापती गेला, तरी मोहीम थांबली नाही. हरिपंतांनी ती पुढे चालवली. एक माणूस गेला की पाटी उरते, या सिद्धान्ताला याहून सरळ उत्तर शोधायला नको. राघोबा इंग्रजांच्या आश्रयाला गेले, मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला, लढाई पेटली. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मुंबईकर इंग्रजांच्या फौजेवर मान खाली घालून करार करण्याची पाळी आली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने राघोबांचा दावा कायमचा निकालात निघाला. बारभाईच्या शेतीत हाती काय लागले, तर हे लागले.

बारभाईंत भांडणे नव्हती, असा याचा अर्थ नाही. मोरोबा १७७८ मध्ये उघड फुटले. वडगावनंतर सखारामबापू कैदेत गेले. बाराचे चार, चाराचे दोन आणि शेवटी एक असा तो प्रवास झाला. नाना फडणिसांची बुद्धी आणि उरक यांविषयी वाद नाही. पण मार्च १८०० मध्ये ते वारले तेव्हा त्यांची जागा घेईल असा माणूस पुण्यात तयार नव्हता, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावांनी वसईच्या तहावर सही केली. त्या तहाचे सगळे खापर एकखांबी कारभारावर फोडणे अर्थातच न्यायाचे नाही. शिंदे-होळकरांचे वैर होते, बाजीरावांचा स्वभाव होता, इंग्रजांची वाढलेली ताकद होती. मात्र हा न्याय आक्षेपकाने बारभाईंना कधी दिलेला नाही, तेव्हा त्याच्याच मापाने मोजले तर काय दिसते एवढेच इथे नोंदवायचे. बारा जणांनी राज्य राखले. एकावर आले आणि तो एक गेला, तेव्हा तीन वर्षेही धड निघाली नाहीत. तरी भाषेत बदनामी राहिली ती बारांची.

पेशव्यांच्या दरबारावरून वाचनालयाच्या कार्यकारिणीविषयी अनुमान काढता येते का, असा प्रश्न इथे कोणी विचारील. काढता येत नसेल तर म्हणही सभेत आणू नये.

इथे एक जुने भांडण आठवते. सेवाभावी कामात ‘ध्येय विरुद्ध व्यवस्था’ हा वाद दर पंधरा-वीस वर्षांनी नवे कपडे घालून येतो. नियम, नोंदी आणि सभा आल्या की काम सरकारी होते, जिव्हाळा आटतो, असे एक बाजू म्हणते. ही बाजू बहुधा त्यांचीच असते ज्यांच्या हाती चेकबुक असते. नोंदी कशाला, सगळे माझ्या डोक्यात आहे, असे संस्थापक अभिमानाने सांगतात. डोके विश्वस्त मंडळाकडे हस्तांतरित करण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही, ही अडचण मग त्यांच्या मागे राहिलेल्यांना निस्तरावी लागते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाप्रमाणे विश्वस्तांत बदल झाला की ९० दिवसांत तो धर्मादाय कार्यालयाला कळवायचा असतो; त्याला सगळे ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात. दिवंगत अध्यक्षांच्या तसबिरीला हार घालून वर्षे लोटली तरी कागदोपत्री तेच अध्यक्ष, बँकेत सही त्यांचीच, आणि मागे राहिलेले सदस्य वकिलाच्या ओटीवर बसलेले, असे चित्र या क्षेत्रात नवे नाही.

आता शिबिरांचा मुद्दा. तो अर्धा खरा आहे, आणि अर्धा खरा असल्यामुळेच आक्षेपक तो पूर्ण म्हणून खपवतो. नेतृत्वविकासाच्या नावाखाली सुतळीचा गुंडा एकमेकांकडे फेकायचा, रंगीत चिठ्ठ्यांवर ‘माझे स्वप्न’ लिहून भिंतीला चिकटवायचे आणि शेवटी सामूहिक छायाचित्र काढायचे, या प्रकारातून फारसे काही येत नाही हे मान्य करायला हरकत नाही. पण पोहणे वाईट शिकवणारा मास्तर भेटला म्हणून पोहणे उपजतच असते असे ठरत नाही.

हे कौशल्य कुठे शिकले जाते, ते पाहायचे तर बचत गटाच्या बैठकीत बसावे. ओट्यावर सतरंजी, मध्ये पत्र्याची पेटी. पेटी एकीच्या घरून येते, किल्ली दुसरीच्या कमरेला असते. दोघी आल्याशिवाय ती उघडत नाही. सचिव मागचे इतिवृत्त वाचते, अडखळते, शेजारीण शब्द पुरवते. पैसे गोळा होतात. कोषाध्यक्ष नोटा मोजते आणि थुंकी लावून मोजलेला तोच गठ्ठा पलीकडच्या बाईकडे देते. ती पुन्हा मोजते. कोणाला यात अविश्वास दिसत नाही. तेवढ्यात कोपऱ्यातली एक म्हणते, “मागच्या महिन्यात मी दोनशे भरले, वहीत शंभर कसे?” सगळ्या गप्प होतात. सदस्याचे पासबुक आणि गटाची वही शेजारी-शेजारी ठेवली जाते, बोट ओळीवरून फिरते, चूक सापडते, दुरुस्ती होऊन शेजारी सही पडते. “बाई गं, माझंच चुकलं,” असे सचिव म्हणते आणि पुढचा विषय निघतो.

या दहा मिनिटांत काय काय शिकले गेले? अपमान न करता शंका विचारणे, शंका आली म्हणून अंगावर न जाणे, पुरावा सगळ्यांपुढे उघडणे, चूक कबूल करणे आणि कबुलीनंतर ती पुन्हा न उगाळणे. एवढे ज्या कार्यकारिणीला येते तिला निवासी शिबिराची गरज उरत नाही. बचत गटांना बँकेशी जोडण्याचा पथदर्शी प्रकल्प नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गटांचे लक्ष्य ठेवून सुरू केला. पुढे या गटांची जी पंचसूत्री रूढ झाली तिच्यात नियमित बैठक पहिली आणि हिशेबाच्या नोंदी पाचवी. मध्ये बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड. पैशाचे तीन नियम सभा आणि वही यांच्या कोंदणात बसवलेले आहेत, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही. सगळे गट असे चालतात असे नाही. पदाधिकारी वर्षानुवर्षे त्याच, किल्लीही तिथेच, आणि बाकीच्या नुसत्या हप्ता टाकून जाणाऱ्या, असेही पुष्कळ गट आहेत. तिथे पेटी असते, बैठक नसते.

याच्या शेजारी एखाद्या प्रतिष्ठित न्यासाची वार्षिक सभा ठेवावी. ठराव आदल्या दिवशीच टाइप झालेले. सूचक आणि अनुमोदक कोण ते त्यांना स्वतःला चहाच्या वेळी कळते. हजेरीची वही शिपायाच्या सायकलवरून घरोघर जाऊन आलेली. ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द चर्चेच्या आधीच लिहिलेले, आणि ज्यासाठी खरे तर सभा बोलावली तो जमिनीचा व्यवहार ‘आयत्या वेळच्या विषयां’त. बहुधा इथलाच कोणी बाहेर येऊन सांगतो की समितीने संस्था चालत नाही.

बाकीचे आक्षेप लहान आहेत. जबाबदारी हरवते म्हणावे, तर ती ठरावात नाव आणि तारीख न लिहिल्यामुळे हरवते, माणसे जास्त असल्यामुळे नव्हे. देणगीदाराला एकच चेहरा हवा असतो, हे देणगीदाराच्या अडाणीपणाविषयीचे विधान आहे.

निर्णयांना वेळ लागतो, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो खराच राहू द्यावा. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे सुमारे शंभर घरांचे गोंड गाव आहे. तिथली ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने ठरवते. एकाचाही विरोध उरला तर विषय पुढच्या सभेवर जातो. तिथे अभ्यास गट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी: अभ्यास गटात कायदे वाचायचे, बाहेरच्या जाणकारांशी वाद घालायचा, पण निर्णय तिथे करायचा नाही, तो फक्त ग्रामसभेचा. या रीतीने गाव मागे पडले का? वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क त्याला २००९ मध्ये मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होते. हक्क मिळाल्यावरही बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी वनखात्याशी झगडावे लागले, आणि २०११ मध्ये परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. उशीर कोणत्या बाजूने झाला हे ज्याचे त्याने ठरवावे.

मंडनाची बाजू यापुढे फार लांब नाही. सामूहिक नेतृत्व म्हणजे नेता नसणे, हा समज समर्थकांनीच पसरवला आहे आणि तो चुकीचा आहे. अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती चळवळीच्या कार्यकर्त्या जो फ्रीमन यांनी १९७० च्या सुमारास आपल्याच चळवळीला हे सुनावले होते: रचना नसलेल्या गटातही सत्ता असते, फक्त ती मैत्रिणींच्या कंपूत लपते आणि लपलेली असल्यामुळे तिला जाब विचारता येत नाही. म्हणून पदे हवीत, मुदत हवी, आणि मुदत संपल्यावर हस्तांतर हवे. कामे सांगायची तर ती साधीच आहेत. सभेची विषयपत्रिका आठ दिवस आधी सगळ्यांकडे जावी. सभा चालवण्याचे काम पाळीने फिरावे, इतिवृत्त त्याच बैठकीत वाचून सह्या व्हाव्यात. दर महिन्याला खात्यातली शिल्लक मोठ्याने सांगितली जावी. धनादेशावर दोन सह्या असाव्यात आणि दुसरी सही कोऱ्या चेकवर आधीच करून ठेवलेली नसावी. विरोध झाला तर विरोधकाचे नाव आणि कारण इतिवृत्तात यावे. पद सोडणाऱ्याने पुढच्याबरोबर काही महिने बसून दफ्तर समजावून द्यावे. ही यादी नीरस आहे आणि तिचे पोस्टर चांगले होणार नाही. पण चांगला तबलजी ठेका वर्षभर घोटतो, तसेच हे अंगवळणी पाडावे लागते, आणि पाडता येते.

संस्था नोंदणी अधिनियम १८६० चा आहे. संस्था स्थापायला त्याला किमान सात माणसे लागतात. एकाच्या अर्जावर तो संस्था नोंदवत नाही. आक्षेपकाच्या संस्थेची नोंदणी त्या कायद्याखाली झाली असेल, तर तिच्या मूळ कागदावरही त्या सात सह्या असणार. खात्यातली आजची शिल्लक त्यांच्यापैकी, किंवा त्यांच्या जागी आलेल्यांपैकी, किती जणांना ठाऊक आहे, एवढे त्याने येत्या सभेत विचारून पाहावे.