पदक मिळालं, पण पुढची लढत कधी?

२५ जानेवारी २०२५ रोजी लास वेगासमध्ये हरियाणाच्या निशांत देवने आपली पहिली व्यावसायिक लढत पहिल्याच फेरीत जिंकली. २०२३ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक, पॅरिस ऑलिम्पिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल, वय अवघं चोवीस आणि पाठीशी मॅचरूमसारखी बडी कंपनी. असे व्हिडिओ आपल्या पोरांच्या मोबाइलवर लगेच पोहोचतात. मग शाळेत, मोहल्ल्याच्या जिममध्ये एकच चर्चा सुरू होते, की हौशी बॉक्सिंगमध्ये काय ठेवलंय, थेट प्रोफेशनल व्हायचं.

निशांतला आमच्या मनापासून शुभेच्छा. पण त्याच्या आधी याच वाटेने गेलेल्यांचं काय झालं, हेही पोरांनी आणि त्यांच्या अम्मी-अब्बांनी बघायला हवं. त्यांच्यात हुनर कमी नव्हतं, मेहनतही कमी नव्हती. अनेकांची गाडी अडली ती वेगळ्याच ठिकाणी. त्यांना पुढच्या लढतीची तारीखच मिळाली नाही.

विजेंदरचा हिशेब

सर्वांना माहीत असलेलं नाव घेऊ. विजेंदर सिंग, भिवानीजवळच्या कालुवास गावचा, हरियाणा रोडवेजच्या बस ड्रायव्हरचा मुलगा. २००८ मध्ये बीजिंगला त्याने भारताला बॉक्सिंगमधलं पहिलं ऑलिम्पिक पदक मिळवून दिलं. २००९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य, २०१० मध्ये आशियाई सुवर्ण. २०१५ मध्ये त्याने इंग्लंडच्या क्वीन्सबेरी प्रमोशन्सशी करार केला आणि मँचेस्टरला जाऊन तयारी सुरू केली.

आता त्याच्या लढती वर्षवार मोजा. २०१५ मध्ये तीन, तेही ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत. २०१६ मध्ये पाच. २०१७ मध्ये दोन. २०१८ मध्ये एकही नाही. २०१९ मध्ये दोन. २०२० मध्ये पुन्हा शून्य. २०२१ मध्ये एक आणि २०२२ मध्ये एक. म्हणजे पहिल्या चौदा महिन्यांत आठ लढती आणि त्यानंतरच्या जवळपास सहा वर्षांत फक्त सहा.

कारणं एकच नव्हती. व्यावसायिक झाला तेव्हा तो तिशीला टेकला होता. २०१८ च्या शेवटी अमेरिकेच्या टॉप रँकशी करार झाला, पण २०१९ मध्ये ठरलेली पहिली लढत सरावातल्या दुखापतीमुळे गेली. त्याच वर्षी तो दक्षिण दिल्लीतून लोकसभेला उभा राहिला आणि हरला. पुढे कोरोना आला. यातली काही कारणं त्याच्या हातातली होती, काही नव्हती. शरीराला मात्र कारणांशी देणंघेणं नसतं, त्याला फक्त रिकामे महिने कळतात.

त्याचा परिणाम गोव्यात दिसला. मार्च २०२१ मध्ये पणजीला एका कॅसिनो जहाजावर उभारलेल्या रिंगमध्ये विजेंदर उतरला, तेव्हा त्याच्या आधीच्या लढतीला सोळा महिने झाले होते. समोर रशियाचा उंचापुरा, तरुण आर्तिश लोपसान होता. पाचव्या फेरीत लढत थांबवावी लागली. सलग बारा विजयांनंतरचा हा पहिला पराभव. पुढची लढत मिळाली सतरा महिन्यांनी, रायपूरमध्ये. ती त्याने जिंकली.

मोठ्या रात्री आहेत, छोट्या रात्री नाहीत

असं का होतं, हे कळण्यासाठी हौशी आणि व्यावसायिक बॉक्सिंगमधला फरक पाहावा लागतो. हौशी खेळात तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात. एका मोठ्या स्पर्धेत दहा-बारा दिवसांत चार-पाच लढती होतात. तारखा फेडरेशन ठरवतं, शिबिर सरकार भरवतं, प्रवास, जेवण, डॉक्टर या सगळ्याची सोय असते. बॉक्सरने फक्त लढायचं.

व्यावसायिक खेळात यातलं काहीच आपोआप मिळत नाही. प्रत्येक लढत कुणाला तरी पैसे घालून उभी करावी लागते. हॉल, रिंग, लायसन्स, रेफरी, डॉक्टर, ॲम्ब्युलन्स, समोरच्या बॉक्सरचं मानधन, त्याचं तिकीट, त्याचं हॉटेल. हे काम प्रमोटर करतो, आणि पैसे परत येतील असं वाटलं तरच करतो. प्रमोटरचं लक्ष दुसरीकडे गेलं, टीव्हीचा करार तुटला किंवा योग्य प्रतिस्पर्धी मिळाला नाही, की बॉक्सर घरी बसतो. करारामुळे तो दुसऱ्याकडे जाऊन लढूही शकत नाही.

इंग्लंडमध्ये छोट्या हॉलमधले कार्यक्रम वर्षभर चालू असतात. नवा बॉक्सर मित्रांना, शेजाऱ्यांना, नातेवाइकांना स्वतः तिकिटं विकतो आणि चार फेऱ्यांची लढत लढतो. नाव होत नाही, पैसाही फार नसतो, पण सराव तुटत नाही. आपल्याकडे ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबईत वरळीच्या डोममध्ये विजेंदरची चीनच्या बॉक्सरशी लढत झाली. त्याच रात्री अखिल कुमार आणि जितेंदर कुमार हे दोन जुने ऑलिम्पियनही व्यावसायिक म्हणून पहिल्यांदा उतरले आणि दोघेही जिंकले. दिवे, कॅमेरे, फिल्मी पाहुणे, सगळं होतं. पण त्या रात्रीनंतर दर महिन्याला भरणारे छोटे कार्यक्रम काही उभे राहिले नाहीत, आणि त्या दोघांची व्यावसायिक कारकीर्दही पुढे गेली नाही. सणाला बिर्याणी झाली, पण रोजच्या भाकरीची सोय नव्हती.

विकास कृष्णनची गोष्टही बघा. दोन वेळचा आशियाई सुवर्णपदक विजेता. २०१९ च्या सुरुवातीला त्याने अमेरिकेत दोन व्यावसायिक लढती जिंकल्या आणि मग टोकियो ऑलिम्पिकसाठी हौशी खेळात परतला. तिथे खांद्याच्या दुखापतीसह खेळताना पहिल्याच लढतीत बाहेर पडला.

वसीम आणि आमिर

हा प्रश्न फक्त भारताचा नाही. क्वेट्ट्याचा मुहम्मद वसीम २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक जिंकला. पाकिस्तानात व्यावसायिक बॉक्सिंगची घडी नव्हती म्हणून त्याने दक्षिण कोरिया गाठलं. २०१६ मध्ये सेऊलमध्ये डब्ल्यूबीसीचा सिल्व्हर किताब मिळवला. जुलै २०१८ मध्ये क्वालालंपूरला आयबीएफच्या जागतिक किताबासाठी लढला आणि गुणांवर थोडक्यात हरला. अशा लढतीनंतर चार-सहा महिन्यांत पुन्हा रिंगमध्ये उतरायला हवं. वसीमला चौदा महिने थांबावं लागलं. जागतिक किताबाची दुसरी संधी मिळाली मार्च २०२२ मध्ये, दुबईत. दोन संधींमधल्या पावणेचार वर्षांत त्याच्या वाट्याला फक्त चार लढती आल्या. दुसऱ्यांदाही तो गुणांवरच हरला.

त्याच्यासमोर ब्रिटनचा आमिर खान ठेवून बघा. २००४ मध्ये अथेन्सला सतराव्या वर्षी रौप्य. जुलै २००५ मध्ये बोल्टन या आपल्याच गावात पहिली व्यावसायिक लढत. सप्टेंबर २००८ मध्ये कोलंबियाच्या प्रेस्कॉटने त्याला ५४ सेकंदांत आडवा केला. लोक म्हणाले, संपला. पण आमिर तीन महिन्यांत पुन्हा रिंगमध्ये होता, आणि जुलै २००९ मध्ये मँचेस्टरला जगज्जेता झाला. ती त्याची चार वर्षांतली बाविसावी लढत होती.

पराभवानंतर आमिरला तीन महिने थांबावं लागलं, वसीमला चौदा, विजेंदरला सतरा. आमिरमध्ये गुण होतेच, कोण नाही म्हणतंय? पण हरल्यावर त्याच्यासाठी पुढची तारीख ठरवणारी यंत्रणा तयार होती, आणि मोठा फरक तिथेच पडला.

कायदा अलींच्या नावाचा

मुहम्मद अलींची साडेतीन वर्षं रिंगबाहेर गेली, ती व्हिएतनाम युद्धात जायला नकार दिल्यामुळे. तो उसुलाचा सौदा होता, त्यांनी स्वतः केलेला. प्रमोटरच्या वहीत अडकून वर्षं घालवणं हा कुठलाच उसूल नाही.

अमेरिकेने २००० साली अलींच्याच नावाने बॉक्सिंग सुधारणा कायदा केला. मोठ्या लढतींत प्रमोटरने बॉक्सरच्या मॅनेजरच्या धंद्यात हितसंबंध ठेवू नयेत, लढतीतून आपल्याला काय मिळालं ते त्याने बॉक्सरला सांगावं, दबावाखाली केलेल्या करारांना मर्यादा असावी, अशा त्यातल्या तरतुदी आहेत. आपल्याकडे व्यावसायिक बॉक्सरांसाठी असा वेगळा कायदा नाही. म्हणून कागद वाचायची जबाबदारी शेवटी घरावरच येते.

सही करण्याआधी

आम्ही पोरांना स्वप्न बघू नका असं सांगत नाही. पण निजामाबादची निखत जरीन हौशी खेळातच दोनदा जगज्जेती झाली आणि आज तेलंगणा पोलिसांत डीएसपी आहे. त्याच निजामाबादचा मुहम्मद हुसामुद्दीन लष्करात राहून राष्ट्रकुल आणि जागतिक स्पर्धेची पदकं घेऊन आला. हौशी खेळ म्हणजे काही कमी दर्जाची वाट नव्हे. महाराष्ट्रातही दहावी-बारावीला क्रीडागुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. ज्या घरात महिन्याचा पगार हाच आधार असतो, तिथे हे सोडताना काय सोडतोय ते माहीत असायला हवं.

आणि सोडायचंच ठरलं, तर कागदावर सही करण्याआधी हे विचारा. वर्षाला किमान किती लढती, हे करारात आकड्याने लिहिलंय का? तेवढ्या मिळाल्या नाहीत तर पोराला मोकळं होता येईल का? दुखापत झाली तर औषधपाण्याचा खर्च कोण देणार, आणि तेवढ्या महिन्यांनी करार आपोआप वाढणार का? मॅनेजर आणि प्रमोटर एकच माणूस आहे का? दोन लढतींच्या मधल्या दिवसांत सरावाचा आणि घरचा खर्च कशातून चालणार? कागद इंग्रजीत असेल तर वकिलाकडून आपल्या भाषेत समजून घ्या. यात शरम कसली? मुलीचा निकाह ठरवताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो, मग मुलाची पाच वर्षं दुसऱ्याच्या हाती देताना एका फोटोवर आणि एका हारावर कसे भुलतो?

निशांतच्या बाबतीतही पहिल्या फेरीतला नॉकआउट बघून टाळ्या वाजवा, पण वर्षाच्या शेवटी त्याच्या लढती मोजा. आणि तुमच्या पोराकडे कुणी कागद घेऊन आलं, तर आकडा विचारायला विसरू नका. जो आकडा लिहून द्यायला तयार नाही, त्याच्याकडे पुढची तारीखही नसते.