कर्जाबरोबर आलेला विमा : नक्की कोणाच्या कामाचा?

कर्ज मंजूर झाल्याचा निरोप आला की माणूस खुश होतो, आणि खुश माणूस कागद वाचत नाही. मालेगाव-भिवंडीचा यंत्रमागवाला सुताचा काउंट बोटांनी चाचपून सांगतो. लाकडाचा व्यापारी फळीवर नुसता हात फिरवून ओल ओळखतो. हीच माणसे घर किंवा दुकानाचा गाळा गहाण ठेवताना, पेन्सिलीने फुल्या मारलेल्या जागी चाळीस-पन्नास सह्या करून मोकळी होतात. त्यांतली एखादी सही विम्याच्या अर्जावर असते. पुढे कधीतरी खातेउतारा हाती येतो तेव्हा कळते की हातात आले वीस लाख आणि कर्जखाती लिहिले आहेत वीस लाख ऐंशी हजार. वरचे ऐंशी हजार कसले, असे विचारले तर उत्तर मिळते, "तो विमा आहे, कर्जाला कंपल्सरीच असतो."

हे उत्तर खरे नाही, आणि आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी ते खरे मानून गप्प बसू नये, एवढ्यासाठी हा लेख. विमा घ्यावा की घेऊ नये याबद्दल आपल्या समाजात मतभेद आहेत. तो विषय उलेमांचा, त्यात येथे शिरण्याचे कारण नाही. पण ज्याला तो घ्यायचाच नव्हता त्याच्याही नावावर न विचारता तो चढवला जातो, हे मात्र ध्यानात घ्यावे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू, कारण गहाण कर्जाच्या वेळी तीन निरनिराळे विमे एकाच नावाने विकले जातात. पहिला इमारतीचा, म्हणजे आग, पूर, भूकंप यांपासून. बँकेचे तारण म्हणजे ती इमारत, म्हणून करारात अशा विम्याची अट असू शकते आणि ती रास्तही आहे. दुसरा कर्जदाराच्या आयुष्याचा. कर्ज फिटण्याआधी तो मयत झाला तर बाकी रक्कम विमा कंपनी भरते आणि घर वारसांकडे मोकळे राहते. तिसरा हप्त्याचा, म्हणजे अपघात, गंभीर आजार किंवा नोकरी गेल्यास काही महिने हप्ते भरणारा. आता ज्याचा स्वतःचा कारखाना किंवा दुकान आहे त्याची नोकरी जाणार कुठून? तरीही ही कलमे असलेले विमे धंदेवाल्यांना सर्रास विकले जातात. त्यांतल्या त्या भागाचे पैसे पाण्यात गेले असेच समजावे.

असाच प्रकार इंग्लंडमध्ये फार मोठ्या प्रमाणावर झाला. तेथे कर्जाबरोबर हप्त्याचा विमा वर्षानुवर्षे विकला गेला. ज्यांना त्यातून कधीच काही मिळू शकत नव्हते अशा स्वतंत्र धंदा करणाऱ्यांनाही तो विकला, कित्येकांना तर तो घेतल्याची खबरही नव्हती. लोकांनी तक्रारी केल्या, प्रकरण न्यायालयात गेले, आणि २०११ पासून बँकांना ३८ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम परत करावी लागली. तक्रार करण्याची शेवटची तारीख २९ ऑगस्ट २०१९ ठरवून दिली होती. तोपर्यंत ज्यांनी अर्ज केले त्यांना पैसे मिळाले, आणि जे गप्प बसले त्यांतल्या बहुतेकांचे राहिले.

आपल्याकडे जास्त करून विकला जातो तो दुसरा, आयुष्याचा विमा. तो मुळात वाईट नाही. ज्याच्यावर घरातली पाच-सात माणसे अवलंबून आहेत आणि ज्याने राहते घर गहाण टाकले आहे, त्याच्या मागे घर वाचले पाहिजे, यात दुमत नाही. माझी हरकत आहे ती विकण्याच्या रीतीला.

हिशेब मांडून पाहा. ऐंशी हजारांचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवला, कर्जाची मुदत १५ वर्षे आणि व्याज ९ टक्के धरले, तर त्या ऐंशी हजारांपोटी महिन्याला सुमारे ८११ रुपये जादा जातात. पंधरा वर्षांत ते होतात जवळपास १ लाख ४६ हजार. म्हणजे विम्याचा हप्ताही आपलाच आणि त्यावरचे व्याजही आपलेच. सांगताना मात्र "हप्त्यात फक्त आठशेचा फरक पडेल" असे सांगितले जाते. ते खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे.

बरे, एवढे देऊन मिळते काय? बहुधा हा विमा कर्जाबरोबर घटत जाणारा असतो. वीस लाखांचे कर्ज वरच्याच दराने पाच वर्षांनी सोळा लाखांच्या आसपास उरते आणि दहा वर्षांनी पावणेदहा लाखांच्या आसपास. विम्याची रक्कमही त्याच पायऱ्यांनी खाली येते. पण त्या पायऱ्या पहिल्या दिवशी, एक ठरावीक व्याजदर धरून छापलेल्या असतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर नेला, तेव्हा लाखो कर्जदारांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत लांबली. कर्ज संथपणे उतरू लागले, विमा मात्र जुन्याच तक्त्याप्रमाणे उतरत राहिला. अशा वेळी माणूस गेला तर विम्याची रक्कम कर्जाला अपुरी पडते आणि बाकीसाठी बँक वारसांच्या दारात उभी राहते. काही विमे तर पाच वर्षांचेच असतात आणि कर्ज असते पंधरा वर्षांचे. प्रमाणपत्रावर मुदत छापलेली असते, पण ती पाहतो कोण?

त्याहून मोठा घोटाळा नावाचा. महाराष्ट्रात २०२१ पासून स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, आणि काही बँका स्त्री कर्जदाराला व्याजातही किंचित सूट देतात. म्हणून घर बीवीच्या किंवा अम्मीच्या नावे घेतले जाते आणि कर्जात पहिले नाव तिचेच लागते. विमाही तिच्याच नावाचा निघतो, कारण अर्जात पहिले नाव तेच. कमावणारा हात मात्र मागावर बसलेल्या नवऱ्याचा किंवा मुलाचा. तो गेला तर कमाई थांबते आणि विम्यातून एक पैसा मिळत नाही. दोन भावांच्या दुकानातही हेच. कर्जावर सह्या दोघांच्या, विमा एकाचाच. हप्ता ज्याच्या कमाईतून जातो त्याच्या आयुष्याचा विमा हवा, ही साधी गोष्ट कागद करणाऱ्याला सुचत नाही, कारण त्याला दिवस मावळायच्या आत फाइल पुरी करायची असते.

तब्येतीचे कलमही असेच. "मला मधुमेह, रक्तदाब, श्वासाचा विकार नाही" असे छापील असते आणि समोरचा स्वतःच सगळीकडे 'नाही'वर खूण करतो. कापसाच्या धुळीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला दम लागत असतो, तो औषध घेत असतो, आणि कागद म्हणतो तो ठणठणीत आहे. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षे उलटल्यावर कंपनीला पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. पण त्याआधी मृत्यू झाला तर हीच खूण दावा फेटाळण्याचे निमित्त होते. खूण कोणी केली हे कोणी विचारत नाही, खाली सही कोणाची आहे हेच पाहिले जाते. म्हणून तो एक कागद तरी स्वतः, किंवा शिकलेल्या मुलामुलींकडून, घरी आणून वाचून घ्यावा.

आता सक्तीबद्दल. कर्जासाठी आयुर्विमा घेतलाच पाहिजे असा कायदा नाही. रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट बजावले आहे की अमुक कंपनीचाच विमा घ्या अशी जबरदस्ती ग्राहकावर करू नये आणि बँकेच्या सेवेला विम्याची विक्री जोडू नये. आपल्याकडे आधीच पुरेसा मुदतीचा विमा असेल तर तो दाखवून वेगळा घेण्यास नकार देता येतो. बाहेरून स्वतंत्र मुदत विमा घेतला तर रक्कम घटत नाही, कर्ज दुसऱ्या बँकेत नेले तरी तो चालू राहतो, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही लागत नाही. हे भाव विचारून मगच ठरवावे. तसेच १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ व लघुउद्योगाच्या मुदत कर्जांना बँकेने एक माहितीपत्रक देणे बंधनकारक आहे. विम्यासारखा तिसऱ्यासाठी वसूल केलेला खर्चही त्यात वेगळा दाखवावा लागतो आणि वार्षिक दरात धरावा लागतो. त्यात नसलेला खर्च कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. सही करण्याआधी हा एक कागद मागून घ्या. न दिल्यास तेवढेच तक्रारीला कारण पुरे.

तक्रार म्हटले की आपली माणसे मागे सरकतात. "बँकेशी वैर कशाला, उद्या कॅश क्रेडिट वाढवून घ्यायचे आहे" हे मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. मला हे पटत नाही. उधारीवर घेतलेल्या मालात खोट निघाली तर आपण पेढीवर जाऊन माल परत करतो, त्याला कोणी वैर म्हणत नाही. शिवाय तक्रार मुख्यतः विमा कंपनीविरुद्ध असते. बँक तेथे तिची दलाली घेणारी विक्रेती असते.

पॉलिसी किंवा प्रमाणपत्र हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती नापसंत म्हणून परत करता येते. ही मुदत २०२४ च्या नियमांची आहे, आणि ती सहीपासून नव्हे, कागद मिळाल्यापासून मोजायची. किरकोळ कपात वगळता हप्ता परत मिळतो. प्रमाणपत्र मिळालेच नसेल तर पत्रात तसे ठळक लिहा. परतावा कर्जखात्यात जमा झाला की हप्ता कमी केला की मुदत, हेही लेखी विचारून घ्या.

तीस दिवस उलटले तरी दार बंद होत नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहा आणि प्रत बँकेला द्या. मराठीत लिहिले तरी बिघडत नाही. कर्जखाते क्रमांक, प्रमाणपत्राचा क्रमांक, कापलेली रक्कम व तारीख, काय सांगून सही घेतली, आणि आपल्याला काय हवे आहे (विमा रद्द करून हप्ता व त्यावरचे व्याज परत, की नावाची दुरुस्ती) एवढे पुरे. शिव्याशाप नकोत. मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स जोडा आणि पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. तोंडी तक्रारीला काही किंमत नाही. विमा नियामक प्राधिकरणाच्या 'बीमा भरोसा' व्यवस्थेतही १५५२५५ या क्रमांकावर फोन करून नोंद करता येते.

महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालाकडे जावे. त्यांची कार्यालये मुंबईत व पुण्यातही आहेत. फी नाही, वकील नाही. ५० लाखांपर्यंतच्या भरपाईचा निवाडा ते देऊ शकतात आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो. पॉलिसीच्या अटींबद्दल चुकीची माहिती देणे हे त्यांच्या नियमांत तक्रारीचे कारण म्हणून लिहिलेले आहे, आणि सामूहिक पॉलिसी तसेच एकट्या मालकाच्या धंद्याच्या व सूक्ष्म उद्योगाच्या पॉलिसीही त्यांच्या कक्षेत येतात. मात्र नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज हवा, आणि तोच वाद ग्राहक आयोगात किंवा कोर्टात चालू नसावा. बँकेने जबरदस्ती केली अशी तक्रार असेल तर ती आधी बँकेकडे आणि तीस दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. पतसंस्थेचे कर्ज असेल तर रिझर्व्ह बँकेकडे धावून उपयोग नाही. पतसंस्थेविरुद्ध सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे जावे लागते. विमा कंपनीविरुद्धची वाट मात्र तीच राहते.

शेवटी एक गोष्ट, जी फार घरांत घडते. कर्जदार मयत होतो आणि घरच्यांना विमा होता हेच ठाऊक नसते. दागिने मोडून, उसनवारी करून हप्ते भरले जातात, कारण कर्ज डोक्यावर ठेवू नये ही आपली शिकवण. ज्या घरात असे झाले असेल त्यांनी पुढचा हप्ता भरण्याआधी कर्जखात्याचा पहिल्या महिन्यापासूनचा उतारा काढावा आणि कर्जवाटपाच्या दिवसाच्या आसपास विम्याची कपात दिसते का ते पाहावे. दिसली तर मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून बँक व कंपनी दोघांना लेखी कळवावे. मृत्यूनंतर भरलेल्या हप्त्यांचा हिशेबही त्याच पत्रात मागावा. आणि ज्यांचे कर्ज आज चालू आहे त्यांनी ते प्रमाणपत्र कपाटात कोठे ठेवले आहे हे घरातल्या बाईमाणसाला दाखवून ठेवावे, नामनिर्देशन कोणाचे आहे तेही तिच्यासमोरच वाचावे.