आठशेसाठी बेचाळीस किलोमीटर!

मुलांनो, शाळेच्या क्रीडास्पर्धांत ८०० मीटरची शर्यत तुम्ही पाहिली असेलच. शिट्टी वाजली रे वाजली, की एक-दोघं बाणासारखी सुटतात. पहिल्या फेरीला टाळ्याच टाळ्या! पण शेवटच्या दोनशे मीटरांत काय होतं? पाय शिशासारखे जड होतात, छाती भात्यासारखी वरखाली होते आणि मागून शांतपणे येणारं एखादं पोर त्यांना सहज मागे टाकतं. मग बघणारे म्हणतात, "वेग कमी पडला." खरंच का हो? वेग तर होता! कमी पडला तो दम.

हा दम कुठून आणायचा? याचं उत्तर ऐकाल तर हसाल. आठशे मीटर जिंकायचे असतील, तर त्याच्या कितीतरी पट लांब पळायला शिका!

न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियार्ड नावाचे एक प्रशिक्षक होते. त्यांचा एक शिष्य पीटर स्नेल. स्नेल धावायचा ८०० आणि १५०० मीटर, म्हणजे मध्यम पल्ल्याच्या शर्यती. पण लिडियार्ड त्याला दर रविवारी ऑकलंडजवळच्या डोंगररस्त्यांवरून तब्बल ३५ किलोमीटर पळवायचे! लोकांना हा वेडेपणाच वाटे. दोन मिनिटांच्या शर्यतीसाठी दोन-अडीच तास कशाला पळायचं?

उत्तर मिळालं १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये. तिथे ८०० मीटरसाठी तीन दिवसांत चार वेळा धावावं लागलं. अंतिम शर्यतीत बेल्जियमचा रॉजर मोएन्स पुढे होता. जागतिक विक्रम त्याच्याच नावावर होता. शेवटच्या काही मीटरांत आतल्या बाजूने स्नेल आला आणि जिंकला! २१ वर्षांचा, फारसा कुणाला माहीत नसलेला मुलगा. चौथ्या धावेतही त्याच्यात दम शिल्लक होता.

पुढची गंमत तर ऐका. १९६१ च्या डिसेंबरात हा आठशेवाला चक्क मॅरेथॉनच्या शर्यतीत उतरला. ४२ किलोमीटर! त्याला सुमारे २ तास ४१ मिनिटं लागली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २७ जानेवारी १९६२ ला, त्याने एक मैलाचा जागतिक विक्रम मोडला. वेळ ३ मिनिटं ५४.४ सेकंद, आणि तीही गवताच्या मैदानावर. आणखी एकाच आठवड्याने ८०० मीटर १ मिनिट ४४.३ सेकंदांत धावून त्याने मोएन्सचा विक्रमही मोडला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तर त्याने आठ दिवसांत सहा शर्यती धावून ८०० आणि १५०० मीटर, दोन्हींची सुवर्णपदकं पटकावली.

असं का होतं? चूल आठवा. काटक्या भसकन पेटतात, पण लगेच विझतात. ओंडका सावकाश पेटतो, पण तासभर धग देतो. आपल्या स्नायूंतही अशाच दोन सोयी आहेत. जोरात पळताना प्राणवायूची वाट न बघता झटपट शक्ती मिळते. ती काटक्यांसारखी, थोडाच वेळ पुरणारी. दुसरी शक्ती प्राणवायू वापरून तयार होते. ती ओंडक्यासारखी. तुम्हाला वाटेल, आठशे मीटर म्हणजे सगळा काटक्यांचाच खेळ. पण तसं नाही बरं का! चांगल्या धावपटूला या शर्यतीतही साधारण दोन तृतीयांश शक्ती प्राणवायूच्या मदतीनेच मिळते. लांब पळण्याने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, स्नायूंतल्या बारीक केशवाहिन्या वाढतात. ओंडका मोठा होतो. शिवाय लांबच्या शर्यतीत सुरुवातीला स्वतःला आवरायची सवय लागते, ती वेगळीच.

पण नुसतं लांब पळून भागत नाही. स्नेलही लांब पल्ल्यानंतर चढणीवर आणि मग मैदानावर वेगाचा सराव करायचा. आधी दम, मग वेग, असा तो क्रम.

आपल्या मातीतलंही उदाहरण आहे. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे. त्याची खरी शर्यत ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचे खड्डे ओलांडत धावायची. पण २०२० मध्ये दिल्लीत तो २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत धावला. तेव्हाचा तो राष्ट्रीय विक्रम होता. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये त्याला रौप्यपदक मिळालं. सुवर्ण हुकलं ते फक्त ०.०५ सेकंदाने! २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्याने स्टीपलचेसचं सुवर्ण आणि ५००० मीटरचं रौप्य, अशी दोन पदकं मिळवली.

मग उद्यापासून ३५ किलोमीटर पळायचं का? मुळीच नाही! स्नेल काय, अविनाश काय, दोघंही मोठे झालेले धावपटू. मुंबई मॅरेथॉनमध्येही पूर्ण पल्ल्यासाठी १८ वर्षं पूर्ण असावी लागतात. तुम्ही एवढंच करा. आठवड्यातून दोनदा, शेजारच्या मित्राशी गप्पा मारता येतील इतक्या सावकाश वेगाने पळा. दहा मिनिटांपासून सुरुवात करा. धाप लागली तर चाला, पुन्हा पळा. दर आठवड्याला एखादं मिनिट वाढवा. काही दुखलं तर थांबा आणि घरी सांगा.

आणि पालकांनो, तुम्हालाही एक विनंती. शर्यतीत मागे पडलेल्या मुलाला "तुझ्यात वेगच नाही" असं म्हणू नका. एकदा तो शिक्का बसला, की मूल मैदानाकडे फिरकत नाही. त्याच्यात कदाचित फक्त दम कमी असेल. आणि दम काही कुणी जन्माला येताना घेऊन येत नाही. तो हळूहळू, रोज थोडा थोडा साठवायचा असतो, मातीच्या गल्ल्यातल्या पैशांसारखा!