म्हणे, विदूषकाचे सोने केले!

आमच्या गावच्या वाचनालयाची व्याख्यानमाला म्हणजे तीन दिवस, तीन वक्ते आणि तीन नारळ. यंदा तिसऱ्या नारळाचे मानकरी शहरातून आलेले एक विद्वान गृहस्थ होते. विषय, इटालियन चित्रपटाची थोरवी. गृहस्थ व्यासंगी होते, हे आरंभीच कबूल करतो; नाहीतर पुढचे वाचून कोणी म्हणायचे की, मॅट्रिक मास्तराच्या पोटात दुखू लागले! रोसेलिनीला त्यांनी वीस मिनिटे दिली, डी सिकाला पंचवीस दिली, फेलिनीचे नाव घेताना डोळे मिटले. मग घड्याळाकडे पाहून तोतोला एक वाक्य दिले. शंभरेक सवंग बोलपटांत फुकट गेलेल्या त्या विदूषकाचे पासोलिनीने अखेरीस सोने केले म्हणे!

टाळ्या पडल्या. माझे हात मांडीखालीच राहिले. संपादकांनी माझ्याकडे कथा मागितली होती. पण त्या ‘सोने केले’ने माझी झोप जी उडाली ती अजून परतलेली नाही. तेव्हा वाचकहो, कथा पुढल्या दिवाळीला. यंदा चकलीबरोबर हे भांडण गोड मानून घ्या.

वर्गात मी तोतोचे नाव सांगितले तेव्हा पोरे ‘तोतया, तोतया’ म्हणून खिदळली. आपल्याकडे तोतया म्हटले की सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवतो, आणि गंमत अशी की, ह्या इटालियन नटालाही त्याच्या देशातले शहाणे लोक राजपुत्राचा तोतयाच समजत. तो प्रकार आधी सांगतो. कारण माणसाला हसायचे असेल तर त्याचे दुखणे ठाऊक असलेले बरे.

तोतो १५ फेब्रुवारी १८९८ रोजी नेपल्स शहरातल्या सानिता नावाच्या वस्तीत जन्मला. दाट, दरिद्री वस्ती. पायाखाली जुनी भुयारी थडगी. आईचे नाव आन्ना क्लेमेन्ते. बाप जुझेप्पे दे कुर्तिस खानदानी घराण्यातला, पण आईबापांचे लग्न झालेले नव्हते. म्हणून दप्तरात पोराचे नाव आईच्या आडनावाने चढले, आन्तोनियो क्लेमेन्ते. आईबापांचे लग्न लागले १९२१ साली, तेव्हा हे पोर तेवीस वर्षांचे होते.

मी दरवर्षी जूनमध्ये शाळेच्या जनरल रजिस्टरात नवी नावे चढवतो. आपल्याकडे तर मुलाच्या नावाच्या मधोमध बापच बसलेला असतो. एखादी बाई पोराला घेऊन टेबलासमोर उभी राहते, मी विचारतो, ‘वडिलांचे नाव?’ आणि ती पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागते. त्या वेळी ते पोर कुठे पाहते, हे मी पाहिलेले आहे. म्हणून तोतोच्या पदव्यांना हसणाऱ्यांत मी नाही. १९३३ साली एका मार्क्विसने त्याला दत्तक घेतले. तिथून वंशावळींची जी शोधाशोध सुरू झाली ती नेपल्सच्या न्यायालयात जाऊन थांबली. न्यायालयाने त्याला बायझंटियमच्या सम्राटघराण्याचा वारस मानले. पदव्यांची सारी यादी वाचायला बसावे तर चहा गार व्हावा. आणि दैवाचा विनोद पाहा. त्याच सुमारास, १९४६ साली, इटलीने कौल देऊन राजेशाहीच मोडीत काढली, आणि १९४८ पासून अमलात आलेल्या राज्यघटनेने असल्या पदव्यांची मान्यताही काढून घेतली. बिनबापाचे पोर राजवाड्याच्या दारात पोहोचले, तोवर वाडा लिलावात निघालेला! तरीही त्याने पदव्या सोडल्या नाहीत. का सोडाव्या?

शाळेत त्याने काय दिवे लावले, तेही ऐका. चौथीत होता, तिथून त्याला उतरवून तिसरीत बसवले. मग तोंडे वेंगाडून, भाषणे ठोकून वर्गाला हसवणे हा एकच अभ्यास त्याने मनापासून केला. पुढे ज्या विद्यालयात घातले तिथे एका शिक्षकाशी लुटुपुटीची मुष्टियुद्धाची झटापट चालली असता ठोसा चुकून तोंडावर बसला आणि नाक-जबडा कायमचा वाकडा झाला. साऱ्या इटलीने पुढे ज्या तोंडाकडे पाहून पोट धरले, ते तोंड असे एका मास्तराच्या हातचे आहे!

हे वाचले तेव्हा मला हसू आले नाही. दोन वर्षांमागे माझ्या वर्गात एक मुलगा होता. मी फळ्याकडे वळलो की तो माझी चाल, माझी मान, खडू फुंकण्याची माझी लकब हुबेहूब करी. एकदा मी सापडवला आणि प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला, ‘वर्गात माकडचेष्टा करतो.’ घरी त्याला काय प्रसाद मिळाला, मी विचारले नाही. आता तो अगदी शांत बसतो. मुख्याध्यापक म्हणाले, “सुधारला हो!” आणि मी मान डोलावली. सोने कसे होते हे मला सांगता येणार नाही. पण माती कशी होते, हे मी माझ्या हातांनी करून पाहिले आहे.

तोतो शिकला तो रंगभूमीवर, दिवाणखान्यातल्या नव्हे, फालतू समजल्या जाणाऱ्या. कळसूत्री बाहुलीसारखे अंग मोडून दाखवणारा गुस्ताव्हो दे मार्को नावाचा एक नट होता. त्याची नक्कल करता करता तोतो त्याच्या पुढे गेला. मान एकीकडे, हनुवटी दुसरीकडे, हात खांद्यातून निखळल्यासारखे. सगळे सांधे वेगवेगळ्या मालकांचे! अंगावर ढगळ लांब कोट, आखूड विजार, डोक्यावर चेपलेली गोल टोपी आणि गळ्यात टायऐवजी बुटाची नाडी. अशा वेषात प्रेक्षकांनी फेकलेल्या शेऱ्याला तिथल्या तिथे उत्तर देत त्याने वर्षे काढली. १९३७ साली पडद्यावर आला, आणि मग सत्त्याण्णव बोलपट.

आता त्या सवंगपणाकडे वळू. सगळे बोलपट चांगले होते काय? मुळीच नव्हते. कित्येक थोड्या आठवड्यांत उरकलेले, कथानकाला शेंडा ना बुडखा. निर्मात्यांना नाव तेवढे हवे असे. म्हणून नावातच तोतो. तोतो सायकलच्या शर्यतीत, तोतो शेख, तोतो घर शोधतो! पण ह्या शेवटच्याकडे जरा थांबून पाहा. तो १९४९ सालचा. महायुद्धाने घरे पाडलेली, माणसे छपरासाठी वणवणत आहेत. तोतोचे कुटुंब एका शाळेत संसार मांडून राहते. तिथून हुसकले जाते ते दफनभूमीत जाऊन पडते. याच्याच आदल्या वर्षी डी सिकाने सायकलचोरीची ती जगप्रसिद्ध करुण कथा काढली होती. देश तोच, दैन्य तेच. एकाने रडवले, एकाने हसवले. रडवणाऱ्याला विद्वानांनी माथ्यावर घेतले ते योग्यच. पण हसवणाऱ्याला उंबऱ्याबाहेर का ठेवले? दैन्य डोळ्यांतून पाणी काढील तरच ते खरे, असा काही दंडक आहे काय? खुद्द डी सिकाला असा विटाळ नव्हता. त्याने १९५४ साली नेपल्सवरच्या आपल्या बोलपटात तोतोला घेतले, ज्याच्या घरात वस्तीतला दादा पाहुणा म्हणून शिरून वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला आहे अशा गरीब बापड्याच्या कामात.

त्याच वर्षीचा ‘दैन्य आणि कुलीनता’ अशा अर्थाच्या नावाचा बोलपट पाहा. तोतो त्यात नाटकगृहाबाहेर बसून निरक्षरांची पत्रे लिहून देणारा लेखनिक आहे. घरात दोन कुटुंबे, आणि चूल कोणाचीच पेटलेली नाही. एकाएकी आचारी येतात, टेबलावर वाफाळत्या शेवयांची परात ठेवून जातात. (इटालियन लोक शेवया तिखटमिठाच्या करतात, एवढे गृहिणींनी ध्यानात घ्यावे.) माणसे खुर्च्यांसकट इंच इंच पुढे सरकतात. मग एकदम झडप! हातांनी खातात, तोतो टेबलावर चढतो, नाचत नाचत खातो आणि मूठमूठ शेवया कोटाच्या खिशात कोंबतो. खिशात! उद्याच्यासाठी! मी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा खो खो हसलो. दुसऱ्यांदा त्या खिशाशी अडलो. अन्न मिळाल्यावरही ज्याचा उद्यावर विश्वास बसत नाही, असा माणूस मी शाळेच्या दुपारच्या जेवणात पाहिला आहे; तोही खिसाच उघडतो. ह्याला सवंग म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा. पुढे हीच उपाशी मंडळी उमरावांचे सोंग घेऊन एका धनिकाच्या घरी जातात. राजपुत्राच्या पदव्यांसाठी न्यायालय गाठणारा हा नट ते सोंग किती आतून करत असेल!

मास्तर म्हणून मला त्याहून लाडका प्रसंग १९५६ सालचा. दोन खेडवळ भाऊ. पुतण्या मिलानमध्ये एका नटीच्या नादी लागला म्हणून तिला पैसे देऊन वाटेला लावायचे आहे. पत्र लिहायचे ठरते. तोतो सांगतो, पेप्पिनो दे फिलिप्पो घाम पुसत लिहितो. व्याकरणाची जी कत्तल उडते ती काय सांगू! विरामचिन्हे तर तोतो अशी वाटतो, जशी लग्नात पानसुपारी. कोणी आपल्याला चिक्कू म्हणू नये म्हणून पूर्णविरामाच्या जोडीला आणखी दोन टिंबे द्यायला लावतो. ज्यांना अक्षराने आयुष्यभर दरवाज्याबाहेर उभे केले, ती माणसे अक्षराला वचकून त्याला नैवेद्य दाखवीत आहेत. त्या मोसमात इटलीत सर्वांत जास्त चाललेला बोलपट तो हाच. देशभरच्या माणसांना त्यात आपला काका दिसला असणार. माझ्या सातवीच्या वर्गाला इटालियनचे अक्षर कळत नाही. पण तो प्रसंग दाखवला तेव्हा बाके हादरली. तो शांत झालेला मुलगाही हसला, पण आधी माझ्याकडे पाहून.

विद्वानांचा एक युक्तिवाद असतो की, त्याला चांगल्या दिग्दर्शकांनी माणसात आणायला हवे होते. १९५१ साली मोनिचेली आणि स्तेनो यांनी तसे केलेही. चोर तोतो आणि लठ्ठ शिपाई आल्दो फाब्रित्सी; शिपाई धापा टाकत पाठलाग करतो, पुढे दोघांच्या घरचे एकमेकांकडे जेवू लागतात, आणि शेवटी शिपायाचे पाऊल उचलत नाही तर चोरच त्याला तुरुंगाकडे ओढत नेतो. सुंदर बोलपट. तोतोला अभिनयाचे मोठे पारितोषिक मिळाले, समीक्षकांनी निःश्वास सोडला. पण उतारवयात मोनिचेलीने काय कबुली दिली ठाऊक आहे? तोतोला माणसाळवण्यात आपली चूक झाली, त्याची कळसूत्री, अमानुष भरारी आपण छाटली, अशी. ज्याने सोने केले तोच म्हणतो की, धातू आधीच बरा होता!

१९५७ साली एका खेळाच्या दौऱ्यावर असताना तोतोची दृष्टी गेली. एक डोळा आधीच निकामी होता, आता दुसऱ्यानेही दगा दिला. पुढे कडेकडेचे थोडे अंधुक दिसे, इतकेच. रंगभूमी सुटली. बोलपट सुटले नाहीत. काळा चष्मा लावून येई, दिवे लागले की चष्मा काढी आणि कोणाचा हात न धरता वावरे. पुढल्याच वर्षी त्याने मोनिचेलीच्या बोलपटात एका निवृत्त तिजोरीफोड्याचे काम केले. गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांत, तो नवशिक्या चोरांना तिजोरीशास्त्राचा पाठ देतो, गंभीरपणे, हत्यारे मांडून. असा मास्तर मी शिक्षकांच्या कोणत्याही शिबिरात पाहिलेला नाही. त्याला तेव्हा धड दिसत नव्हते, हे मला मागाहून कळले.

१५ एप्रिल १९६७ रोजी तो रोममध्ये वारला. एक अंत्ययात्रा रोममध्ये निघाली. शवपेटीवर ती चेपलेली गोल टोपी ठेवली होती. दुसरी नेपल्समध्ये, माणसांचा पूर लोटला. आणि महिन्याभराने सानिताच्या लोकांनी तिसरी काढली. पेटी रिकामी! आमचा माणूस आमच्या गल्लीतून गेलाच नाही, म्हणजे तो गेलाच नाही, असा त्यांचा हिशेब. तोतो रात्री येऊन दाराखालून नोटा सरकवून जाई, असे ती वस्ती सांगते. सन्मानाचे ग्रंथ आणि परिसंवाद त्यानंतर आले.

पासोलिनीशी माझे भांडण नाही. १९६६ सालच्या त्याच्या बोलपटासाठी कानच्या महोत्सवात तोतोचा खास गौरव झाला, मलाही आनंद आहे. पासोलिनीला जे हवे होते, ते वस्तीतले तोंड, ती भूक, ते निखळलेले अंग, ते सगळे तोतो आधीच्या त्या ‘सवंग’ बोलपटांतूनच घेऊन आला होता. बाप आणि लेक रस्त्याने चालले आहेत, आणि एक बोलणारा कावळा त्यांच्या मागे लागला आहे. कावळा डाव्या विचारांचा, बहुश्रुत. वाटभर तो त्या दोघांना जग समजावून सांगतो.

व्याख्यान संपल्यावर मी उभा राहिलो आणि विचारले, “त्या बोलपटात शेवटी कावळ्याचे काय होते?” वक्ते म्हणाले, हा प्रश्न विषयाला सोडून आहे. अध्यक्षांनी चिटणिसांकडे पाहिले, आभारप्रदर्शन सुरू झाले, नारळ दिला गेला आणि चहा आला.

तर वाचकहो, बापलेकांना भूक लागते, ते कावळा भाजून खातात आणि पुढे चालू लागतात.