संघ घडतो तो लहान मुलांपासून : जर्मनीच्या फुटबॉलची गोष्ट



तालुका क्रीडास्पर्धा जवळ आल्या की दरवर्षी मी एकच करायचे. वर्गातली चपळ दहा-बारा पोरं निवडायची आणि रोज त्यांनाच खेळवायचं. बाकीची मैदानाच्या कडेला बसून टाळ्या वाजवायची. यात काही चुकतंय असं मला बरीच वर्षं वाटलंच नाही. जर्मनीच्या फुटबॉल संघाबद्दल वाचत गेले, तसं ते खटकायला लागलं. म्हणून हा लेख.

जर्मनी हा फुटबॉलमधला दादा देश. १९९० चा विश्वचषक, १९९६ चा युरो चषक त्यांच्याकडेच. पण २००० च्या युरो स्पर्धेत काय झालं बघा. तीन सामने, त्यात एक बरोबरी आणि दोन पराभव. पोर्तुगालने तर ३-० ने हरवलं. गटात शेवटचा नंबर! लोथार माथेउस हा ३९ वर्षांचा खेळाडू अजून संघात होता. मागून येणारी फळीच कच्ची होती.

अशा वेळी प्रशिक्षक बदलला की काम झालं असं आपल्याला वाटतं. प्रशिक्षक तिथेही बदलला. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी दोन मोठी कामं हाती घेतली. पहिलं म्हणजे वरच्या दोन लीगमधल्या सर्व क्लबांना मुलांसाठी अकादमी चालवणं सक्तीचं केलं. अकादमी नसेल तर लीगमध्ये खेळण्याचा परवाना नाही. मुलांचं शिक्षण मागे पडू नये म्हणून अकादम्या शाळांशी जोडल्या. दुसरं म्हणजे २००२ पासून देशभर साडेतीनशेहून अधिक प्रशिक्षण केंद्रं उभी केली. मोठ्या क्लबच्या नजरेत न आलेल्या, लहान गावातल्या मुलामुलींनाही तिथे आठवड्यातून एकदा चांगला प्रशिक्षक मिळू लागला.

लगेच फळ मिळालं का? नाही. २००२ मध्ये संघ विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोचला खरा, पण २००४ च्या युरोमध्ये पुन्हा पहिल्याच फेरीत बाहेर. तरी योजना गुंडाळली नाही. २००९ मध्ये २१ वर्षांखालील संघाने युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडला ४-० ने हरवलं. नॉयर, हुमेल्स, बोआटेंग, खेदिरा, ओझिल ही पोरं त्या संघात होती. पाचही जण २०१४ च्या विश्वविजेत्या संघातही होते. त्या स्पर्धेत उपांत्य फेरीत ब्राझीलला ७-१ ने हरवलं आणि अंतिम सामन्यात मारिओ गोत्झेने ११३ व्या मिनिटाला अर्जेंटिनावर गोल केला. २००० साली जर्मनी तळाला गेला तेव्हा हा गोत्झे ८ वर्षांचा होता. म्हणजे आपल्या तिसरीतल्या मुलाएवढा! त्या दिवशी कोण सांगू शकलं असतं की हाच विश्वचषक जिंकून देणार?

पण गोष्ट इथे संपत नाही. २०१८ आणि २०२२ च्या विश्वचषकात जर्मनी पुन्हा गटातच बाद झाला. एकदा केलेली मशागत कायमची पुरत नाही. या वेळी त्यांनी आणखी खाली, अगदी सहा-सात वर्षांच्या मुलांपर्यंत जाऊन बदल केला. २०२४-२५ च्या हंगामापासून लहान मुलांसाठी नवी पद्धत सक्तीची झाली. सर्वात लहान मुलं छोट्या मैदानावर तीन विरुद्ध तीन खेळतात, गोल चार असतात. गोल झाला की खेळाडू बदलतात, त्यामुळे कोणी नुसतं बसून राहत नाही. आणि ११ वर्षांखालील मुलांसाठी गुणतालिकाच नाही.

यावर तिथेही टीका झाली. मुलांना हरायला शिकवायला नको का, असं लोक म्हणाले. आपल्याकडेही पालक हेच विचारतील, आणि प्रश्न चुकीचा नाही. पण हार-जीत बंद झालेली नाही. जिंकलेला संघ पुढच्या मैदानावर जातो, हरलेला मागच्या. त्यामुळे पुढचा सामना तोडीस तोड होतो. गेला तो फक्त मोठ्यांनी भिंतीवर लावलेला तक्ता. सात वर्षांच्या मुलाला हार पचवता येते हो, पण "तू राखीव" हे वर्षभर ऐकलं की तो खेळच सोडतो.

मला वाटतं, आपण सात-आठ वर्षांच्या मुलांमधून हुशार आणि ढ, खेळाडू आणि प्रेक्षक असे गट फार लवकर पाडतो. खेळात पाडतो, गणितातही पाडतो.

आता मी माझ्या वर्गात थोडा बदल केलाय. शाळेत चेंडू दोनच आहेत. तरी चपला ठेवून गोल करतो, तीन-तीनचे संघ पाडतो आणि दर गोलला मुलं बदलतो. जी मुलगी नेहमी कडेला बसून इतरांची दप्तरं सांभाळायची, ती आता सकाळीच विचारते, "बाई, खेळाचा तास कधी आहे?" ती पुढे खेळाडू होईल की नाही, मला माहीत नाही. पण ते ठरवण्याची घाई मी आता करत नाही.

तुमच्या शाळेत खेळाच्या तासाला किती मुलं कडेला बसलेली असतात? उद्या एकदा मोजून बघाल का?